वेबसाइट उघडते, पण शोधात दिसत नाही

“आमची वेबसाइट गूगलवर सापडतच नाही,” असं कुणी सांगितलं की मी आधी एकच विचारतो: व्यवसायाच्या नावानं शोधून सापडत नाही, की तुम्ही करता त्या कामाच्या शब्दांनी शोधून? बहुतेकांना या दोन्ही तक्रारी एकच वाटतात. नाव टाकल्यावर वेबसाइट वर येते पण ‘पंप दुरुस्ती’ टाकल्यावर येत नाही, तर तुमची पानं गूगलपाशी पोहोचलेली आहेत. तिथला प्रश्न स्पर्धेचा आणि मजकुराचा आहे, त्यावर वेगळं काम करावं लागतं. पण दुसऱ्या कुणाचंही नसलेलं, अगदी वेगळं नाव टाकूनही वेबसाइट येत नसेल, तर कुठंतरी तांत्रिक अडसर आहे. हा लेख त्या अडसरांबद्दल आहे.

हा फरक इतका ठासून सांगतो, कारण तो न कळल्यामुळं लोकांचे महिने आणि कष्टाचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत. पानाला शोधात यायलाच बंदी असते, आणि इकडे नवे लेख लिहून घेतले जातात, कीवर्ड बदलले जातात, जाहिरातींवर खर्च वाढतो. साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार आहे. बहुतेकांचा पहिला संशय असतो की गूगलनं आपल्याला शिक्षा केली. मी ज्या वेबसाइट तपासल्या, त्यांत खरी शिक्षा क्वचितच निघाली. बंदी घालणारी ओळ मालकाच्याच सर्व्हरवर, त्याच्याच कुणीतरी माणसानं लिहिलेली असायची.

पान नक्की कुठं अडलंय?

शोध निकालात दिसण्याआधी प्रत्येक पानाला तीन टप्पे पार करावे लागतात. आधी सर्च इंजिनचा क्रॉलर, म्हणजे वेबवरची पानं आपोआप उघडत जाणारा प्रोग्रॅम, त्या पानापर्यंत पोहोचतो. गूगलच्या क्रॉलरचं नाव गूगलबॉट. मग त्या पानातला मजकूर वाचून, समजून तो इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या साठ्यात, ठेवायचा की नाही हे ठरतं. आणि कुणी काही शोधलं की त्या साठ्यातून निवडून निकाल दाखवले जातात. वेबवर थेट जाऊन गूगल त्या क्षणी काही शोधत नाही. त्यामुळं साठ्यात नसलेलं पान कितीही उत्तम असलं तरी निकालात येऊच शकत नाही.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी पान कोणत्या टप्प्यावर थांबलंय ते शोधा. त्यासाठी एक ढोबळ आणि एक नेमका, असे दोन मार्ग आहेत.

ढोबळ मार्ग असा: गूगलच्या शोधपेटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द लिहा, त्याला चिकटून अपूर्णविराम, आणि मध्ये जागा न सोडता तुमचं डोमेन. गूगल फक्त त्या डोमेनची पानं दाखवतं. काहीच आलं नाही तर मामला गंभीर असण्याची शक्यता मोठी. पण हा शोध साठ्यातली सगळी पानं दाखवेलच असं नाही, आणि वर दिसणारा आकडा तर अंदाजाचाच असतो. ‘काल तीनशे होती, आज दोनशे ऐंशी झाली’ अशी काळजी त्यावरून करू नका.

नेमका मार्ग म्हणजे गूगल सर्च कन्सोल. हे साधन फुकट आहे, आणि ते न जोडता या विषयावर कुणी सल्ला देत असेल तर तो अंदाजच देतोय असं समजा. वेबसाइट तुमचीच आहे हे डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणाऱ्या नोंदवहीत, एक नोंद करून सिद्ध करता येतं. जोडताना ‘डोमेन’ हा प्रकार निवडा, कारण दुसऱ्या प्रकारात तुम्ही लिहिलेल्या पत्त्यापुरतीच माहिती मिळते. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएसऐवजी एचटीटीपी लिहिलं, किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू राहून गेलं, की सगळे अहवाल रिकामे दिसतात आणि माणूस नसलेल्या आजारावर उपचार करू लागतो.

सर्च कन्सोलमध्ये सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे ‘यूआरएल इन्स्पेक्शन’. एका पानाचा पत्ता टाकला की ते साठ्यात आहे का, नसेल तर का नाही, शेवटचं कधी वाचलं, हे कळतं. इथं एक बारकावा लक्षात ठेवा. पहिल्यांदा दिसते ती गूगलनं मागे कधीतरी वाचलेल्या प्रतीची माहिती. आज या घडीला काय परिस्थिती आहे ते पाहायचं तर ‘टेस्ट लाइव्ह यूआरएल’ हे बटण दाबावं लागतं. दुरुस्ती केल्यावरही जुनाच दोष दिसतोय म्हणून लोक घाबरतात, ते बहुतेक वेळा हे दुसरं बटण न दाबल्यामुळं.

आपणच लावलेली कडी

काही वर्षांपूर्वी एका व्यवसायाची वेबसाइट नव्यानं बांधली गेली. नवं रूप सुंदर होतं, सगळे खूश होते. तीनेक आठवड्यांत शोधातून एकेक पान गळू लागलं आणि चौकशीचे फोन जवळजवळ थांबले. मालकांनी स्पर्धकांवर संशय घेतला, होस्टिंग बदलायचा विचार केला. मी पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडला. वरच्या दहा ओळींतच ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान साठ्यात ठेवू नका’ असं सांगणारा शब्द होता. वेबसाइट तयार होत असताना अर्धवट पानं शोधात येऊ नयेत म्हणून डेव्हलपरनं तो लावला होता, आणि सुरू करण्याच्या दिवसाच्या गडबडीत काढायचा राहिला होता. एक खूण काढायला अर्धं मिनिट लागलं. गेलेली सगळी पानं परत यायला मात्र दीड महिन्याहून अधिक काळ गेला. त्या दीड महिन्यात त्या माणसांच्या चेहऱ्यावरची चिंता मी पाहिली आहे, म्हणून हा मुद्दा मी सगळ्यात आधी तपासतो.

वर्डप्रेसवर वेबसाइट असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘रीडिंग’ या भागात जा. तिथं सर्च इंजिनांनी ही वेबसाइट इंडेक्समध्ये घेऊ नये, अशा अर्थाचा एक चौकोन असतो. त्यावर टिक असेल तर दुसरं काही शोधायची गरज नाही. २०१९ मध्ये आलेल्या ५.३ या आवृत्तीपासून ही टिक प्रत्येक पानावर नोइंडेक्सची सूचना लावते. एसईओच्या, म्हणजे शोधात वर येण्यासाठी मदत करणाऱ्या, प्लगइनमध्येही पानागणिक किंवा विभागागणिक अशीच सोय असते, तीही पाहा.

नोइंडेक्स दरवेळी पानाच्या सोर्समध्ये दिसेलच असं नाही. सर्व्हर पानासोबत जी हेडरची माहिती पाठवतो, तिच्यातही ‘एक्स-रोबोट्स-टॅग’ या नावानं तीच सूचना असू शकते. डोळ्यांना पान स्वच्छ दिसतं, आणि तरी बंदी असते. पीडीएफ फाइलवर बंदी घालण्यासाठी हा मार्ग मुद्दाम वापरतात, आणि चुकून तो सगळ्या वेबसाइटला लागू होतो. यूआरएल इन्स्पेक्शन ही दडलेली सूचनाही पकडतं.

आता थोडं थांबून ज्याचा सगळ्यात जास्त घोळ होतो ते पाहू. प्रत्येक वेबसाइटच्या मुळाशी ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असू शकते. क्रॉलरनं वेबसाइटच्या कोणत्या भागात जाऊ नये, हे तिच्यात लिहितात. ही पद्धत सॉफ्टवेअर अभियंता मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली. तब्बल २८ वर्षं ती केवळ परस्परांच्या समजुतीवर चालली आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजानं तिचं रीतसर मानक झालं. या फाइलीत ‘डिसअलाउ’ या शब्दापुढं काहीच लिहिलं नाही, तर अर्थ होतो ‘कुठंही या’. त्याच्यापुढं फक्त एक तिरपी रेघ दिली, तर अर्थ होतो ‘कुठंही येऊ नका’. एका रेघेचा फरक, आणि अख्खी वेबसाइट क्रॉलरला बंद.

लोकांचा समज असा असतो की रोबोट्स फाइल आणि नोइंडेक्स एकच काम करतात, दोन्ही लावले म्हणजे बंदोबस्त दुप्पट. प्रत्यक्षात ते एकमेकांच्या आड येतात. रोबोट्स फाइल म्हणते, ‘हे पान उघडू नका.’ नोइंडेक्स म्हणतो, ‘हे पान साठ्यात ठेवू नका,’ आणि ही सूचना पानाच्या आत असते. पान उघडायलाच मनाई असेल, तर आतली सूचना क्रॉलर वाचणार कशी? म्हणून रोबोट्स फाइलीनं अडवलेलं पान, त्याच्याकडे दुसरीकडून लिंक येत असेल तर, शोधात दिसूही शकतं. वर्णनाच्या जागी माहिती उपलब्ध नाही एवढंच येतं. एखादं पान शोधातून खरंच काढायचं असेल, तर रोबोट्स फाइलीत त्याला वाट मोकळी ठेवून पानावर नोइंडेक्स लावायचा. पूर्वी काहीजण नोइंडेक्सची ओळ रोबोट्स फाइलीतच लिहीत. गूगलनं १ सप्टेंबर २०१९ पासून तिची दखल घेणं बंद केलं.

आणि चाचणीची वेबसाइट लपवायची असेल, तर तिला पासवर्ड लावा. पासवर्ड काढायला कुणी विसरत नाही, कारण विसरलं तर पहिल्याच दिवशी पहिलाच ग्राहक ओरडतो. नोइंडेक्स राहिला तर कुणी ओरडत नाही. नुकसान गुपचूप होत राहतं.

रोबोट्स फाइलीबद्दल आणखी दोन गोष्टी. प्रत्येक उपडोमेनची, म्हणजे मुख्य डोमेनच्या आधी आणखी एक शब्द जोडून केलेल्या पत्त्याची, फाइल वेगळी असते, म्हणून मुख्य डोमेनची तपासून दुकानाच्या उपडोमेनबद्दल निर्धास्त होऊ नका. आणि ही फाइल मुळात नसली तर काही बिघडत नाही, पण ती मागितल्यावर सर्व्हर ५०० च्या घरातला क्रमांक, म्हणजे स्वतःच्याच अडचणीची खूण, देत असेल तर गूगल आधी सगळंच क्रॉलिंग थांबवतं. आत काय लिहिलंय ते कळत नाही, तर न गेलेलं बरं, असा तो सावध विचार असतो.

तुम्हाला उघडते, बॉटला उघडत नाही

हा दोष शोधायला सगळ्यात अवघड. तुम्ही मोबाइलवर वेबसाइट उघडता, ती झटकन उघडते. पण बॉटला सर्व्हर दारातूनच परत पाठवत असतो. हल्ला करणाऱ्या बॉटपासून वाचवण्यासाठी होस्टिंगवाले, सीडीएनवाले (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून पुरवणारे) किंवा सुरक्षेचं एखादं प्लगइन फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारी भिंत, बसवतं. नियम कडक झाले की त्यांत चांगले बॉटही अडकतात. ‘तुम्ही माणूस आहात का’ असं विचारणारं पान गूगलबॉटसमोर आलं, तर त्याला तेच पान तुमचं पान वाटतं.

याचा एक प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो. आपले ग्राहक एकाच देशात आहेत, मग बाहेरच्या देशांतून येणारी सगळी ये-जा बंद करू, असं सुरक्षेच्या दृष्टीनं कुणीतरी ठरवतं. गूगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या आयपी पत्त्यांवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांच्या अंकी पत्त्यांवरून, येतो. म्हणजे परदेशी ये-जा बंद करताना आपण गूगललाच बाहेर काढलेलं असतं, आणि इथं बसून तपासणाऱ्या कुणालाही ते दिसत नाही.

म्हणून लाइव्ह टेस्टमध्ये गूगलला पान कसं दिसलं त्याचा स्क्रीनशॉट उघडून बघा. होस्टिंगवाल्यांकडून सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोण कधी आलं याच्या नोंदी, मागवता आले तर आणखी उत्तम. त्यांत गूगलबॉटच्या नावानं आलेल्या विनंत्यांना कोणता क्रमांक मिळाला ते पाहायचं. २०० म्हणजे पान मिळालं, ४०३ म्हणजे मनाई, ४२९ म्हणजे ‘फार वेळा येताय’, ५०० आणि पुढचे म्हणजे सर्व्हरचीच अडचण. पण गूगलबॉटचं नाव कुणीही लावू शकतं. खरा कोण ते त्या आयपीचं उलट डीएनएस, म्हणजे आकड्यावरून डोमेनचं नाव, पाहून कळतं: उत्तर गूगलबॉट डॉट कॉम किंवा गूगल डॉट कॉम या डोमेनचं यायला हवं, आणि तेच नाव पुन्हा शोधल्यावर मूळ आयपी मिळायला हवा. हे काम होस्टिंगच्या तांत्रिक माणसाला सहज जमतं, त्याला आग्रहानं करायला सांगा.

क्रमांकांचा विषय निघालाच आहे तर ‘सॉफ्ट ४०४’ बद्दलही सांगतो. पान नाहीसं झालंय, स्क्रीनवर ‘हे पान सापडलं नाही’ असं लिहिलंय, पण सर्व्हर मात्र २०० पाठवतोय, म्हणजे सगळं ठीक असल्याचं सांगतोय. उलटंही होतं. पान चांगलं असतं, पण त्यावर मजकूर इतका तुटपुंजा असतो, किंवा डेटाबेसशी संपर्क तुटल्यानं ते रिकामं येतं, की गूगल त्याला नसलेलं पान धरतं. आणि दुरुस्तीसाठी वेबसाइट काही तास बंद ठेवायची असेल, तर सर्व्हरला ५०३ पाठवायला सांगा. त्याचा अर्थ ‘थोड्या वेळानं या’. दिवसचे दिवस ५०३ येत राहिलं तर मात्र पानं साठ्यातून जायला लागतात.

पानात मजकूर आहे का?

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण आजकाल फार रास्त आहे. अनेक वेबसाइटवर सर्व्हरकडून येणारं पान जवळजवळ कोरं असतं आणि मजकूर नंतर जावास्क्रिप्ट चालवून भरला जातो. गूगल जावास्क्रिप्ट चालवतं, २०१९ पासून तर क्रोमच्या ताज्या आवृत्तीइतक्याच समर्थ इंजिनावर चालवतं. तरी त्यात अडचणी येतात. स्क्रिप्टच्या फाइली रोबोट्स फाइलीनं अडवलेल्या असतात, किंवा मजकूर आणणारी विनंती वेळेत पुरी होत नाही. आणि गूगलबॉट कशावर क्लिक करत नाही, माणसासारखं स्क्रोलही करत नाही. ‘आणखी पाहा’ दाबल्यावरच जो मजकूर सर्व्हरवरून येतो, तो त्याच्यासाठी नसल्यात जमा.

तपासायची रीत सोपी आहे. पानातलं एखादं ठळक वाक्य निवडा आणि लाइव्ह टेस्टमध्ये ‘व्ह्यू टेस्टेड पेज’ उघडून त्या एचटीएमएलमध्ये ते शोधा. सापडलं तर काळजी नाही. नाही सापडलं, तर डेव्हलपरला सांगा की मुख्य मजकूर सर्व्हरवरूनच तयार होऊन आला पाहिजे.

लिंकचंही तसंच. मेनूतली बटणं दिसायला लिंकसारखी असतात, पण आतून फक्त स्क्रिप्ट असते, पत्ताच नसतो. क्रॉलर एका पानावरून दुसऱ्यावर जातो तो ‘ए’ टॅगमधल्या ‘एचरेफ’ या पत्त्यावरून. तो नसेल तर पुढचा रस्ताच त्याला दिसत नाही.

सेवांची यादी, फोन नंबर, कामाच्या वेळा हे सगळं एका देखण्या चित्रात बसवलेलं असेल, तर त्या मजकुरावर भिस्त ठेवू नका, तो पानात अक्षरांतही लिहा. आणि देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास सूचना: युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पानावर चिकटवला, तर तुम्हाला तो फॉन्टमुळं नीट दिसेल, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. सर्च इंजिन तीच वाचतं. ओळ कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका. देवनागरी दिसली तर ठीक, भलतंच काही दिसलं तर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

मोबाइलवर कमी मजकूर दाखवायची सवयही महागात पडते. गूगल आता पानाची मोबाइलवरची प्रत हीच खरी मानतं. २०१६ मध्ये जाहीर झालेला हा बदल २०२३ मध्ये पूर्ण झाला. मोठ्या स्क्रीनवर असलेला आणि मोबाइलच्या प्रतीतून पूर्णच काढून टाकलेला परिच्छेद गूगलच्या दृष्टीनं अस्तित्वात नाही. घडीत मिटलेला, पण पानात असलेला मजकूर चालतो.

एकाच पानाचे चार पत्ते

एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना: एका मुखपृष्ठाचे सहज चार पत्ते होतात. गूगलच्या दृष्टीनं ही चार पानं. मजकूर एकच असल्यानं ते त्यांतलं एक निवडतं आणि बाकीची बाजूला ठेवतं. ‘डुप्लिकेट’ असा शेरा दिसला म्हणजे शिक्षा झाली असं नव्हे. पण कोणता पत्ता निवडला जावा हे तुम्ही ठरवायला हवं. एक पत्ता पक्का करा आणि बाकीचे तीन ३०१ क्रमांकाच्या कायमच्या रीडायरेक्टनं त्याच्याकडे वळवा.

याचसाठी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून कॅनॉनिकल टॅग आणला. ‘या मजकुराचा मूळ पत्ता हा’ असं त्यातून पान सांगतं. ती सूचना आहे, हुकूम नाही, बाकीच्या खुणा उलट असतील तर गूगल दुसरा पत्ता निवडतं. मला वारंवार भेटणारा घातक दोष वेगळाच आहे. वेबसाइटचं रूप ठरवणाऱ्या थीममधल्या चुकीमुळं वेबसाइटच्या प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल मुखपृष्ठाकडे असतो. म्हणजे प्रत्येक पान स्वतःच सांगत असतं की माझी नोंद घेऊ नका, मुखपृष्ठाची घ्या. मुखपृष्ठ शोधात येतं आणि सेवेचं एकही पान येत नाही, असं दिसलं की मी हा टॅग बघतो. चाचणीच्या डोमेनचा पत्ता कॅनॉनिकलमध्ये तसाच राहणं हा याचाच भाऊबंद.

वेबसाइट नव्यानं बांधताना पत्ते बदलत असतील, तर जुन्या पत्त्यांची यादी आधी हातात घ्या आणि प्रत्येकासमोर त्याचा नवा पत्ता लिहा. हे कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. जुनी सगळी पानं सरसकट मुखपृष्ठाकडे वळवली, तर गूगल त्यांना सॉफ्ट ४०४ धरू शकतं, आणि वर्षानुवर्षं मिळवलेल्या लिंकचं वजन हातचं जातं. डोमेनच बदललं असेल तर रीडायरेक्ट निदान एक वर्ष चालू ठेवा. जमलं तर कायमचेच ठेवा, कारण जुन्या पत्त्यावरून येणारी माणसं वर्षानं थांबत नाहीत. जुन्या डोमेनचं नूतनीकरण करायला विसरलं तर हे सगळं एका दिवसात कोसळतं.

ज्याला जरा जास्तच महत्त्व मिळतं

साइटमॅप, म्हणजे वेबसाइटवरच्या पानांच्या पत्त्यांची सर्च इंजिनसाठीची यादी, हवा, पण तो जादू करत नाही. एका फाइलीत ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी ही मर्यादा, लहान व्यवसायाला ती कधी लागणारच नाही. त्यात फक्त उघडणारी, बंदी नसलेली, मूळ पत्त्याची पानं ठेवा. प्रत्येक पानाचं महत्त्व सांगणारा ‘प्रायॉरिटी’चा आकडा गूगल वाचतच नाही, तेव्हा तो ठरवण्यात वेळ घालवू नका. साइटमॅपमध्ये आहे पण वेबसाइटवरच्या कुठल्याही पानावरून लिंक नाही, अशी पोरकी पानं मात्र शोधून काढा. मुखपृष्ठावरून किंवा सेवांच्या यादीतून त्यांना लिंक दिली की अनेकदा तेवढ्यानंच काम होतं.

वेगाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, क्लिकला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, मजकूर इकडंतिकडं उडू नये, हे गूगलचे निकष ग्राहकाच्या सोयीसाठी फार चांगले आहेत आणि क्रम ठरवताना त्यांचा थोडा विचारही होतो. पण पान साठ्यातच नाही याचं कारण हे लाल-हिरवे गुण जवळजवळ कधीच नसतात. सर्व्हर इतका मंद असेल की क्रॉलरच माघार घेतो, तर गोष्ट वेगळी. तुमचं पान शोधात नाही म्हणून कुणी वेगाचा अहवाल पुढं करत असेल, तर आधी नोइंडेक्स तपासला का ते विचारा.

‘क्रॉल बजेट’, म्हणजे एका वेबसाइटची पानं उघडण्यासाठी गूगल देतं तो वेळ, संपल्याचं कारणही असंच सर्रास दिलं जातं. दहा लाखांहून अधिक पानं असलेल्या, किंवा रोज बदलणारी दहा हजारांहून अधिक पानं असलेल्या वेबसाइटनी त्याची चिंता करावी, असं गूगलचं मार्गदर्शन आहे. पन्नास पानांच्या वेबसाइटला ते लागू नाही.

सगळं नीट आहे, तरीही

अहवालात कधी कधी ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ असा शेरा येतो. गूगलनं पान उघडलं, वाचलं आणि न ठेवण्याचा निर्णय घेतला. इथं अडसर काढून उपयोग नाही, कारण अडसर नाहीच. गावाचं नाव तेवढं बदलून केलेली वीस पानं, पुरवठादाराचं जसंच्या तसं उचललेलं वर्णन, दोन ओळींची सेवा-पानं, अशांच्या बाबतीत हे बहुधा घडतं. ती एकत्र करून एक भरीव पान करा. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, तरी मी ते सांगतो, कारण याच टप्प्यावर खोटी आश्वासनं विकली जातात. गूगल कोणतंही पान साठ्यात घेण्याची हमी देत नाही, म्हणून ती हमी दुसराही कुणी देऊ शकत नाही.

‘डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ हा शेरा वेगळा. पत्ता कळलाय, पण गूगल अजून तिथं गेलेलं नाही. डोमेन नवं असेल तर थोडं थांबा. जुनं असेल तर सर्व्हरचा प्रतिसाद आणि आतल्या लिंक बघा.

सर्च कन्सोलमधल्या ‘मॅन्युअल ॲक्शन्स’ आणि ‘सिक्युरिटी इश्यूज’ या दोन पानांवरही एक नजर टाका. पहिल्यात खरी शिक्षा असेल तर ती लिहून आलेली असते, अंदाज करावा लागत नाही. दुसऱ्यात वेबसाइट हॅक झाल्याची सूचना मिळते. डोमेनच्या शोधात तुम्ही कधीच न लिहिलेली औषधांची किंवा जुगाराची पानं दिसली, तर तेच झालंय. तेव्हा आधी सफाई, पासवर्ड आणि प्लगइन. बाकी सगळं नंतर. ‘रिमूव्हल्स’ हे तिसरं पानही विसरू नका: पूर्वी कुणी पान तात्पुरतं लपवायची विनंती केली असेल, तर ते सुमारे सहा महिने शोधात दिसत नाही.

दोष सापडला, दुरुस्त झाला, की लाइव्ह टेस्ट करून खात्री करा आणि महत्त्वाच्या मोजक्या पानांसाठी ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबा. त्याला रोजची मर्यादा आहे, आणि एकाच पानासाठी पुन्हा पुन्हा दाबून वेग वाढत नाही. बाकीच्या पानांसाठी अहवालातलं ‘व्हॅलिडेट फिक्स’ पुरे. बिंगसाठी त्यांचं वेबमास्टर टूल्स वेगळं आहे, त्यात सर्च कन्सोलमधून थेट माहिती आणता येते. २०२१ मध्ये बिंग आणि यांडेक्स यांनी सुरू केलेल्या इंडेक्सनाउमुळं पानातला बदल त्यांना लगेच कळवताही येतो.

पुढचे काही दिवस ते काही आठवडे कठीण जातात, कारण हातात करण्यासारखं काही नसतं आणि राहवत नाही. या काळात थीम, पत्ते, होस्टिंग यांतलं काही बदलू नका. नाहीतर कशानं फरक पडला ते कधीच कळणार नाही. दुरुस्तीची तारीख लिहून ठेवा आणि आठवड्यातून एकदा सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स अहवाल उघडा. क्लिकच्या आधी ‘इम्प्रेशन्स’ची, म्हणजे निकालात किती वेळा दिसलात त्याची, रेघ हलते, आणि बहुतेक वेळा पहिली हालचाल होते ती तुमच्या व्यवसायाच्या नावावर.